वाढवली मी, घटली आपोआप

लिंक्डइनवर मार्केटिंगवाल्यांची प्रोफाइल्स वाचायची माझी एक पद्धत आहे. बाकी मजकूर सोडून द्यायचा आणि फक्त क्रियापदं वाचायची. ब्रँड उभा केला. मार्केट शेअर वाढवला. नवी कॅटेगरी निर्माण केली. टीम घडवली. सगळी क्रियापदं सकर्मक आणि सगळ्यांचा कर्ता एकच. मग याच माणसाला कुठे लग्नाबिग्नात गाठायचं आणि विचारायचं, काय हो, ते तुमचं नवं प्रॉडक्ट हल्ली दुकानात दिसत नाही? उत्तर येतं: मार्केट थंडावलं. डिमांड घसरली. खर्च वाढला. टायमिंग चुकलं. आता सगळी क्रियापदं अकर्मक झालेली असतात. विक्री वाढते तेव्हा ती कोणीतरी वाढवलेली असते. घटते तेव्हा ती आपली आपण घटते, ओहोटी लागल्यासारखी.

व्याकरणाच्या बाईंनी हे उदाहरण दिलं असतं तर सकर्मक-अकर्मक मला आठवीतच कळलं असतं.

मी या धंद्यात अकरा वर्षं काढली. पहिली पाच मराठवाड्यात, विक्रीच्या बाजूला. नंतरची सहा अंधेरीतल्या एका काचेच्या इमारतीत, जिथे ब्रँडची माणसं बसतात. आता पुण्यात एका कॉलेजात मार्केटिंग शिकवतो. दरवर्षी साठेक मुलं समोर असतात, त्यातल्या निम्म्यांना ब्रँड मॅनेजर व्हायचं असतं. का, असं विचारलं की ‘इम्पॅक्ट’ हा शब्द ऐकू येतो. माझं म्हणणं असं आहे, की या करिअरची रचनाच अशी आहे की इम्पॅक्ट दिसायला लागतो तोवर तो करणारा माणूस त्या खुर्चीत नसतो. लोक याला या नोकरीतली एक गैरसोय समजतात. मला ती तिची सगळ्यात मोठी सोय वाटते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ हे नाव आपल्याकडे दोन माणसांना आहे. एक तो अंधेरीतला. दुसरा पेपरातल्या छोट्या जाहिरातींतला: पाहिजेत, मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, बारावी पास, स्वतःची बाईक आवश्यक, पगार अधिक इन्सेंटिव्ह. हा दुसरा माणूस सकाळी साडेनऊला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनवर हजर होतो, मंगळवारचा बीट म्हणजे मंगळवारची ठरलेली दुकानं घेतो आणि पस्तीस-चाळीस दुकानं करून संध्याकाळी परत येतो. त्याचा पगार बहुतेक वेळा कंपनी देत नाही, डिस्ट्रिब्युटर देतो किंवा मधली कुठली तरी एजन्सी देते. कंपनीच्या भाषेत तो ‘ऑफ-रोल’. त्याच्या शर्टावर कंपनीचा लोगो असतो, कंपनीच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव नसतं. या लेखात मी ‘मार्केटिंगवाला’ म्हणेन तेव्हा पहिला समजा. दुसऱ्याला आम्ही सेल्समन म्हणायचो, आणि तो मधूनमधून येत राहील, कारण तो येतच राहतो. त्याचं कामच ते आहे.

ब्रँड सांभाळायची ही नोकरी आली कुठून? तिची जन्मतारीख माहीत आहे: १३ मे १९३१. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत, नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाकडे केमे साबणाच्या जाहिरातींचं काम होतं. त्याच्या साबणाची स्पर्धा बाहेरच्यांशी होतीच, शिवाय घरच्याच आयव्हरी साबणाशी होती, आणि कंपनीचा जीव आयव्हरीत गुंतलेला. त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडला स्वतःची माणसं द्या. त्या माणसांनी आपल्या ब्रँडचा माल कुठे खपतोय, कुठे अडलाय हे बघावं, जिथे अडलाय तिथे स्वतः जावं, दुकानदारांशी बोलावं, उपाय शोधावा, आणि त्याची जबाबदारी घ्यावी. त्या टिपणातून ब्रँड मॅनेजर नावाची जात जन्माला आली. मॅकेलरॉय पुढे १९४८ मध्ये त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. साबणापासून क्षेपणास्त्रांपर्यंत, असा प्रवास. मार्केटिंगच्या वर्गात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात, मीही सांगतो.

पण त्या टिपणातला जबाबदारी हा शब्द पुढे प्रवासात कुठेतरी गळाला. ब्रँड आपल्या जागी राहिला आणि माणूस फिरायला लागला. आज आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या ग्राहकोपयोगी कंपनीत मार्केटिंगवाला एका ब्रँडवर दोन वर्षं, फार तर तीन वर्षं असतो. मग बढती, दुसरा ब्रँड, दुसरा देश किंवा दुसरी कंपनी. जो एकाच ब्रँडवर पाच वर्षं टिकला त्याच्याबद्दल कॅन्टीनमध्ये हळू आवाजात विचारतात, काही झालं का त्याचं?

आता हे दोन-तीन वर्षांचं गणित आणि मालाचं गणित शेजारी ठेवून बघा. कंपनीची ‘विक्री’ म्हणजे तुम्ही दुकानात दिलेले पाच रुपये, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. कंपनी डिस्ट्रिब्युटरला माल देते ती ‘प्रायमरी’. डिस्ट्रिब्युटर दुकानाला देतो ती ‘सेकंडरी’. तुम्ही विकत घेता ती तिसरी पायरी, आणि ती रोज कोणी मोजत नाही, नमुना सर्वेक्षणातून तिचा अंदाज येतो. नवं प्रॉडक्ट आलं की पहिल्या तिमाहीचा आकडा जवळजवळ सगळा प्रायमरीचा. म्हणजे एकाही गिऱ्हाइकाने पुडा फोडला नसला तरी प्रत्येक तालुक्याच्या गोडाउनात वीस-वीस पेट्या उतरवल्या की लाँच यशस्वी. खरं काय झालं ते कळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माल परत यायला लागतो तेव्हा, किंवा लोक दुसऱ्यांदा मागायला येत नाहीत तेव्हा.

परभणीचं एक उदाहरण सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदलून हीच गोष्ट सांगणारे पन्नास जण मला माहीत आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे सरबताची एक पावडर लाँच झाली. कैरीची चव, छोटी पाकिटं, एक प्रसिद्ध चेहरा. एकतीस मार्चच्या आत माल भरायचा होता. रात्री अकरापर्यंत फोन चालायचे. परभणीचा डिस्ट्रिब्युटर सांगत होता की गोडाउनात पाय ठेवायला जागा नाही, आणि वरून सांगितलं जात होतं की मग व्हरांड्यात उतरवा. उतरवला. एप्रिलमध्ये मुंबईहून ब्रँड मॅनेजर मार्केट व्हिजिटला आला. अशी व्हिजिट म्हणजे काय हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो: साहेब ज्या बारा दुकानांत जाणार ती आदल्या दिवशी ठरतात, तिथे सेल्समन रात्री जाऊन पाकिटांच्या लडी टांगतो, पोस्टर चिकटवतो, दुकानदाराला काय बोलायचं ते सांगतो. साहेब आले, फोटो काढले, ‘व्हिजिबिलिटी जबरदस्त आहे’ म्हणाले आणि संध्याकाळच्या देवगिरीने परत गेले. जुलैमध्ये त्यांची बढती झाली. सिंगापूर.

पावसाळा लागला तशी पावडर दमट हवेत धरायला लागली. पाकिटात बोट घातलं की आत दगड. दुकानदार सेल्समनच्या अंगावर पाकिटं फेकायला लागले, अक्षरशः फेकायला. माल दुकानातून गोडाउनात परत आला, गोडाउनातून पुढे जाईना, कारण कंपनी क्लेम मंजूर करेना. एक लाख चाळीस हजारांचा क्लेम होता. नव्या ब्रँड मॅनेजरला मेल गेला की उत्तर यायचं, हे माझ्या आधीचं आहे, तपासून सांगतो. चौदा महिने तपासत होते. त्या काळात मी दर महिन्याला परभणीला जायचो आणि डिस्ट्रिब्युटर दर महिन्याला मला चहा पाजून एकच वाक्य ऐकवायचा, ‘‘तुमचं लगीन उरकलं साहेब, वऱ्हाड मात्र अजून माझ्याच घरी मुक्कामी हाय.’’ शेवटी निम्मे पैसे मिळाले. सेल्समनचा त्या तिमाहीतला इन्सेंटिव्ह परताव्यात वळता झाला. तो निघून गेला, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या बिस्किटांवर.

काही वर्षांनी मी अंधेरीच्या ऑफिसात गेलो. नव्या मुलांच्या ट्रेनिंगमध्ये एक प्रेझेंटेशन होतं, ‘आपल्या सर्वोत्तम लाँचेस’. चौथी स्लाइड सरबताच्या पावडरीची. आलेख टोकदार वर गेलेला, अगदी कळसूबाई. नीट बघितलं तेव्हा दिसलं की आलेख जूनला संपतो.

कोणी खोटं बोललं नव्हतं. मार्च ते जून तेवढी विक्री झाली होती, कागदावर. म्हणूनच मी रचना म्हणतो. या रचनेत लबाड माणसाची गरजच पडत नाही. सज्जन, हुशार, चांगल्या घरातली, दिवाळीला आईला साडी नेणारी मुलं हे सगळं करतात आणि त्यांना रात्री शांत झोप लागते, कारण आलेखाचा पुढचा भाग त्यांना कोणी कधी दाखवतच नाही.

आमच्या गावी कासार यायचा. श्रावणात एकदा, संक्रांतीच्या आधी एकदा. ओट्यावर बसून बायकांच्या हातात बांगड्या चढवायचा आणि तोंडाने अखंड खोटं बोलायचा. ही फिरोजाबादची आहे, ही दगडावर आपटली तरी फुटणार नाही, ही कालच आली, सगळ्यात आधी तुमच्याकडे आणली. माझ्या आजीला माहीत असायचं की हा थापा मारतोय. पण चुडा चार दिवसांत तडकला तर पुढच्या खेपेला तिच्याच ओट्यावर त्याला बसायचं होतं, आणि आजीचं तोंड सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्यामुळे त्याच्या थापांना एक हद्द होती. जुन्या बाजाराचं मला फार प्रेम आहे असं नाही. त्यात वजनात मारणारे होते, उधारीत नागवणारे होते, जात बघून भाव सांगणारेही होते. पण विकणारा पुन्हा त्याच दारात येणार, एवढी एक गोष्ट त्यात होती. आज ती फक्त सेल्समनच्या नशिबी आली आहे. जो आश्वासन देतो तो परत येत नाही, आणि जो परत येतो त्याने आश्वासन दिलेलं नसतं.

पावडरीचं नुकसान लाख-दीड लाखाचं. सगळ्याच गोष्टींची किंमत क्लेम फॉर्मवर मावत नाही.

फेअर अँड लव्हली १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने बाजारात आणली. पंचेचाळीस वर्षं हे नाव चाललं. एका माणसामागे तीन वर्षं धरली तर पंधरा-सोळा जणांनी तो ब्रँड ‘सांभाळला’ असेल. हा माझा ढोबळ हिशेब. त्या काळातली एक जाहिरात पुष्कळांना आठवत असेल: बापाला वाटतं, मुलीऐवजी मुलगा असता तर बरं झालं असतं, मग मुलगी क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते, घरात पैसा येतो. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार लावून धरली आणि २००३ मध्ये काही जाहिराती बंद झाल्या. त्याच वर्षी त्याच ब्रँडच्या नावाने स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक फाउंडेशनही निघालं. यालाच आमच्याकडे ‘पर्पज’ म्हणतात. मग २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडला मारलं, जगभर आंदोलन पेटलं, आणि जूनच्या अखेरीस इथे जाहीर झालं की नावातला ‘फेअर’ जाणार. जुलैत ग्लो अँड लव्हली आली. आपल्या मुलींनी आणि बायकांनी अनेक वर्षं ओरडून जे झालं नाही ते एका महिन्यात झालं. आणि नावबदलाचीही लगेच केस स्टडी झाली, ब्रँडने काळाची पावलं कशी ओळखली वगैरे.

यावर मार्केटिंगवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं: गोरेपणाचं वेड आम्ही नाही आणलं, ते समाजात होतंच, आम्ही फक्त मागणी पुरवली. यातला पहिला भाग खरा आहे. आपल्या वधू-वर सूचक मंडळांच्या वह्या काढा, ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ हे शब्द त्या क्रीमच्या आधीपासून आहेत. ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ यातला ‘पण’ कुठल्या कंपनीने लिहिलेला नाही. पण मग मला एक सांगा, सीव्हीत लिहिताना ‘मागणी निर्माण केली’ असं का लिहिता? विक्री वाढली तर मागणी तुम्ही निर्माण केली, प्रश्न विचारला तर मागणी आधीपासून होती. पुन्हा तेच व्याकरण. मी नांदेडच्या इतवारा भागात दुकानाच्या कट्ट्यावर बसून पाहिलंय, कॉलेजातल्या मुली वहीच्या पानात लपवून क्रीमचं सगळ्यात छोटं पाकीट न्यायच्या. लपवून, म्हणजे लाज आधीच विकत घेतलेली होती. त्या लाजेचा हिशेब पंधरा-सोळापैकी कुणाच्या ॲप्रेझलमध्ये आला असेल?

मुलांच्या पेयांचं प्रकरण तर तुमच्या फोनवरच घडलं. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस गेली, त्याने व्हिडिओ काढला आणि माफी मागितली. मग राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीलाच खुलासा विचारला. त्याच वर्षाच्या अखेरीस साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स साइट्सना कळवलं की ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच अन्न सुरक्षा कायद्यात नाही, तेव्हा ही पेयं त्या नावाखाली दाखवू नका. त्याच महिन्यात हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्स-बूस्टच्या गटाचं नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक’ असं केलं. (हे आमच्या आईला म्हणायला सांगून बघितलं. ती म्हणाली, बोर्नव्हिटाच म्हणते मी.)

आता हा क्रम उलटा लावून बघा. ज्या शब्दाला कायद्यात जागाच नाही, तो शब्द आयांच्या दोन पिढ्यांनी खरा मानला. तो शब्द कुठल्यातरी मीटिंगमध्ये कोणीतरी ठरवला असणार, कोणीतरी त्याला मान्यता दिली असणार, कोणाला तरी त्याबद्दल बोनस मिळाला असणार. या सगळ्यात नोटीस गेली ती फक्त व्हिडिओ करणाऱ्याला आणि नंतर कंपनी नावाच्या एका पत्त्याला.

कायद्यालाही हा माणूस दिसत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा बघा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. झळकणाऱ्या व्यक्तीला वर्षभर, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदीही घालता येते. म्हणजे ज्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं त्या नटाला घरी बसवता येतं. ज्याने ते वाक्य लिहून घेतलं, आठ वेळा बदलून घेतलं आणि त्यावर सही केली, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊ शकतो, आणि मुलाखतीत त्याच मोहिमेचे आकडे सांगू शकतो. एसटीच्या कंडक्टरलाही बिल्ला असतो, तक्रार करायची तर नंबर टिपून घेता येतो. सिनेमाच्या शेवटी चहा देणाऱ्या पोराचं नाव येतं. कोट्यवधी पाकिटांवर छापलेल्या एका दाव्यामागे मात्र माणूसच नाही.

माझे जुने सहकारी यावर म्हणतात, अरे बदल्या शिकण्यासाठी असतात. माणूस एका जागी राहिला तर शिळा होतो, नव्या डोळ्यांना नवं दिसतं. नव्या डोळ्यांना नवं दिसतं हे कबूल. पण नव्या डोळ्यांना जुनं दिसत नाही, आणि गोडाउनात पडलेलं सगळं जुनंच असतं. शिवाय नवा आला की त्याला आपला ठसा उमटवायचा असतो, म्हणून पाकिटाचा रंग बदलतो, लोगो थोडा तिरका होतो, पाच रुपयांच्या पुड्यातलं वजन चार ग्रॅमने खाली येतं. आमच्या भाषेत त्याला ‘ग्रॅमेज’ बसवणं म्हणतात. वजन पाकिटावर छापलेलं असतं, त्यामुळे बेकायदा काहीच नाही. सीव्हीत ते ‘मार्जिन सुधारलं’ म्हणून येतं. दुकानातली बाई पुडा हातात घेऊन वजन बघते, काही बोलत नाही आणि दोन पुडे घेते.

राहून काय होतं याचंही उदाहरण आपल्या शेजारी आहे. १३ मे १९४९, शुक्रवार. व्हर्गीस कुरियन आणंदला उतरले, मनात नसताना, सरकारी शिष्यवृत्तीची परतफेड म्हणून. (मॅकेलरॉयच्या टिपणाचीही तारीख १३ मे. योगायोगावरून निष्कर्ष काढू नये, पण मार्केटिंगवाल्याने ही स्लाइड नक्कीच केली असती.) कुरियन तिथून २००६ पर्यंत हलले नाहीत. त्यांना मार्केटिंगचा माणूस म्हणणं अपुरं आहे, पण देशातल्या सगळ्यात टिकाऊ ब्रँडपैकी एक त्यांच्या काळात उभा राहिला, आणि अमूलच्या त्या ठिपक्यांच्या फ्रॉकमधल्या मुलीची जाहिरात १९६६ पासून आजतागायत एकाच कुटुंबाच्या हातात आहे, आधी सिल्व्हेस्टर दाकुन्हा, मग मुलगा राहुल. कुरियन हेकट होते, त्यांचं जाणंही भांडणातच झालं. पण शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायला येतो. त्याचा पैसा अडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात असतो. अशा ठिकाणी आलेख जूनला संपवता येत नाही.

मग काय, सगळ्यांनी सत्तावन्न वर्षं एका खुर्चीत बसायचं? ते कोणी करणार नाही आणि करूही नये. माणूस हलला तरी त्याचा हिशेब मागे राहू शकतो, याची सोय दुसऱ्या एका धंद्यात झालेली आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये खासगी बँकांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगाराबाबत नियम केले. कामगिरीवर मिळणाऱ्या पैशातला किमान ६० टक्के भाग लगेच द्यायचा नाही, तो किमान तीन वर्षांत विभागून द्यायचा, आणि दरम्यान त्यांनी केलेल्या व्यवहारांत घाण निघाली तर न दिलेला रोखायचा, दिलेला परत घ्यायचा. कारण साधं होतं. कर्ज वाटणारा आज बोनस घेऊन जातो आणि कर्ज तीन वर्षांनी बुडतं, हे जगाने २००८ मध्ये पाहिलं होतं. गोडाउन भरणं आणि कर्ज वाटणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. लाँचचा बोनस तीन वर्षांत द्या. परतावा, एक्सपायरी, अडकलेले क्लेम, मागे घ्याव्या लागलेल्या जाहिराती, सगळं त्यातून वजा करा. सिंगापूरला गेलेल्याच्या पगारातूनही करा, बँकेचा ट्रान्सफर तिथेही पोचतो. आणि प्रत्येक दाव्याला मान्यता देणाऱ्याचं नाव कंपनीने नोंदवून ठेवावं, प्राधिकरणाने मागितलं की द्यावं. पाकिटावर छापायची माझी हौस नाही, तिथे जागाही उरलेली नाही.

कंपन्या म्हणतील, असं केलं तर हुशार मुलं मार्केटिंगला येणारच नाहीत. कदाचित येणार नाहीत. बीटवरच्या सेल्समनचा इन्सेंटिव्ह आजही परताव्यातून कापला जातो आणि त्याच्या जागेसाठी रांग लागते, हे मात्र मी पाहिलं आहे. म्हणजे नियम अशक्य आहे असं नाही. तो नऊ-दहा हजारवाल्याला आधीपासून लागू आहे, चाळीस लाखवाल्याला लावायचा बाकी आहे.

वर्गात मी दोन वर्षांपासून एक प्रोजेक्ट देतो. कुठलंही गाजलेलं लाँच घ्यायचं, केस स्टडीतला आलेख जिथे संपतो तिथून पुढची तीन वर्षं भरायची. मुलं पहिल्या आठवड्यात तक्रार घेऊन येतात की सर, कंपनी डेटा देत नाही, साइटवर काही नाही, एआयला विचारलं तर तो जूनपर्यंतचंच सांगतो. मी त्यांना मार्केट यार्डाजवळच्या, हडपसरच्या, भोसरीच्या डिस्ट्रिब्युटरांचे पत्ते देतो. दुपारी तीननंतर जा म्हणतो, तेव्हा गाड्या लागलेल्या नसतात. तिथे डेटा मिळतो. जुन्या वह्या असतात, क्लेमच्या फायली असतात, मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या पेट्याही असतात. एक मुलगी गेल्या वर्षी तसल्या पेटीचा फोटो घेऊन आली. वरचा पुठ्ठा उन्हाने पांढरा पडलेला, आणि त्यावर मार्करने कोणीतरी लिहिलेलं, ‘साहेबांना विचारून हलवणे’. साहेब कोण, असं तिने तिथे विचारलं होतं. चार नावं सांगितली म्हणे, चौघेही आता वेगवेगळ्या कंपन्यांत.